दोन तासांत सहार ते सांताक्रूझ?

परदेशातून मुंबईत उतरून पुढे नागपूरचं विमान पकडायचं असेल, तर मधे किमान चार तास ठेवा. दोन्ही तिकिटं वेगवेगळी असतील तर पाच. धरमपेठेतल्या माझ्या तिकीट कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी हे सांगते. "एवढा वेळ विमानतळावर बसून काय करायचं हो ताई?" हा प्रश्न ठरलेला.

बसायला वेळ मिळतच नाही. विमान सहारच्या टर्मिनल २ वर उतरतं. रात्री परदेशी विमानं एकामागून एक येतात, म्हणून इमिग्रेशनला रांग. मग सामानाचा पट्टा, मग कस्टम्स. बॅगेवर नागपूरचा टॅग असला तरी सहसा ती मुंबईतच उचलून कस्टम्समधून न्यावी लागते आणि पुन्हा जमा करावी लागते. पुढचं विमान टर्मिनल १ वरून असेल तर सामानासकट टॅक्सीने सांताक्रूझ गाठायचं. तिथलं काउंटर विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतं. म्हणजे तिकिटावर दिसणाऱ्या दोन तासांपैकी हातात एकच उरतो.

आमच्या ओळखीचं एक निवृत्त जोडपं न्यू जर्सीहून परतत होतं. मुलाने स्वस्त पडतं म्हणून नागपूरचं तिकीट वेगळं काढलेलं, मधे सव्वादोन तास. विमान वेळेवर उतरलं. पण काकूंना व्हीलचेअर लागते आणि ती ढकलणारा माणूस येईपर्यंत पाऊण तास गेला. ते पोचले तेव्हा काउंटर बंद झालं होतं. पीएनआर वेगळे असले की पहिल्या कंपनीची जबाबदारी मुंबईत संपते आणि उशिरा पोचलेल्याला दुसरी विचारत नाही. ऐन वेळच्या भावाने नवं तिकीट घ्यावं लागलं. त्यात बॅगा तेवीस-तेवीस किलोंच्या आणि देशांतर्गत तिकिटावर मुभा माणशी पंधरा किलोंची. जादा वजनाचे पैसे वेगळे. वाचवले त्याहून कितीतरी जास्त गेले.

पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर पहिल्या विमानाला उशीर झाला तरी पुढची सोय कंपनीला करावी लागते. चार पैसे जास्त पडले तरी ज्येष्ठांसाठी असंच तिकीट घ्यावं. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारकांसाठी जानेवारी २०२५ पासून मुंबईत जलद इमिग्रेशनची सोय आहे. नोंदणी मोफत आहे, ती आधीच करून ठेवावी.

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे. 'मुंबई' एवढंच वाचून तिकीट घेतलं आणि पुढचं विमान तिकडून निघालं, तर पाच तासही अपुरे पडतील. म्हणून तिकिटावर बीओएम आहे की एनएमआय, हे नीट पाहा.

माझी मागणी साधी आहे. तिकीट विकणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाने पैसे घेण्याआधी ठळक अक्षरांत सांगावं: ही दोन स्वतंत्र तिकिटं आहेत, सामान पुन्हा जमा करावं लागेल, टर्मिनल बदलेल. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हे सक्तीचं करावं. तोवर परदेशातून आई-वडिलांचं तिकीट काढणाऱ्या मुलांनी भाड्याच्या आधी टर्मिनल पाहावं.