आधी स्प्रिंग, मग रेड-डॉट



घराच्या रक्षणासाठी जुनी एम-वन कार्बाइन घेतलीत तर आधी रेड-डॉट आणि टॉर्च बसवा, हा गेल्या अंकातला सल्ला मला मुळीच पटला नाही. दुसऱ्या महायुद्धात अशा 60 लाखांहून अधिक कार्बाइन बनल्या. तिच्यातली स्प्रिंग आज 80 वर्षांची असू शकते. रिकॉइलची आणि मॅगझिनची स्प्रिंग आधी बदला. हेडस्पेस जाणकार कारागिराकडून गेज लावून तपासून घ्या. सेफ्टीही नीट पाहा. सुरुवातीला तिचे बटण मॅगझिन सोडायच्या बटणाला इतके खेटून होते, की घाईत बोट चुकायचे आणि मॅगझिनच खाली पडायचे. म्हणून पुढे फिरता खटका आला.

घरात मुले असतील तर पहिला खर्च कुलूपबंद तिजोरीचा. त्याचा त्या सल्ल्यात साधा उल्लेखही नसावा, याचे फार वाईट वाटले.

— एक वाचक, ह्यूस्टन (टेक्सास)