बरणीतला गुन्हा

मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, धाराशिव जिल्ह्यातली गावं ओस पडतात आणि शिवारं भरून जातात. हिरव्या ज्वारीत कडब्याची कोप उभी राहते, आत पांडव मांडले जातात, आणि पूजा झाली की भज्जी-उंड्यांबरोबर आंबील वाटली जाते. ज्वारीच्या पिठाला ताकाची जोड देऊन आंबवलेलं हे पेय पोरंसोरं पितात, म्हातारी माणसं पितात, वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पाजलं जातं. ते पिऊन दुपारी कोपीच्या सावलीत डोळा लागला, तर त्याला कोणी व्यसन म्हणत नाही.

तोच शेतकरी मार्चमध्ये स्वतःच्या बागेतली पाच किलो द्राक्षं कुस्करून बरणीत भरतो, तोंडाला फडकं बांधतो आणि पंधरा दिवस थांबतो. कायद्याच्या लेखी तो गुन्हेगार झाला. १९४९च्या दारूबंदी कायद्याचं १२वं कलम मद्य तयार करायला मनाई करतं, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी सगळं एकाच ओळीत बसतं. किती केली, कोणासाठी केली, विकली की घरातच ठेवली, याची चौकशी ते कलम करत नाही. शंभर बॅरलची चोरटी भट्टी आणि फडताळातली तीन लिटरची बरणी त्याला सारखीच.

माझं म्हणणं एवढंच : घरच्यासाठी, घरात, न विकता आणि भट्टी न लावता थोडी वाइन किंवा बिअर आंबवणं हा गुन्हा असू नये. या म्हणण्याविरुद्ध जे बोललं जातं त्यातलं काही पोकळ आहे आणि काही वजनदार. आमच्या बाजूनं जे बोललं जातं, त्यातलंही बरंच पोकळ आहे.

पहिला आक्षेप संस्कृतीचा. हे साहेबाचं खूळ, आपल्याकडे असलं नव्हतं. जिल्ह्यातल्या तेर गावी उभं राहून हे वाक्य म्हणून पाहावं. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात तगरहून भडोचला जाणाऱ्या कापडाची नोंद आहे, आणि त्याच भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटलीची वाइन आहे. प्रतिपक्ष टाळी वाजवून म्हणेल, बघा, परदेशीच निघाली ना! ठीक आहे, मग घरचा साक्षीदार काढतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं स्वतंत्र प्रकरण आहे. कौटिल्य काही मद्याचा चाहता नव्हता. दंड, मोजमाप, पानगृहात हेर बसवणं, सगळा बंदोबस्त त्यानं सांगितला आहे. तरीही त्यानं कुटुंबवत्सल गृहस्थाला घरच्या कार्यासाठी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायची मोकळीक ठेवली. उत्सव-यात्रांसाठी चार दिवसांची सवलत वेगळीच. हेरांवर राज्य चालवणाऱ्या माणसाला घर आणि गुत्ता यांतला फरक कळत होता.

आणि द्राक्षासव? धायटीची फुलं घालून द्राक्षाचा काढा आंबवायचा, त्यात आपोआप मद्यार्क तयार होऊ द्यायचा, आणि बाटलीवर ‘भूक वाढवते’ असं छापायचं. ही बाटली औषधाच्या दुकानात परवान्याशिवाय मिळते. माझी त्याला हरकत नाही. फक्त ती बाटली घरात ठेवून बरणीला परदेशी म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

दुसरा आक्षेप जिवाचा आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. जून २०१५मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं मारली. पण ती कशानं मेली? मिथेनॉलनं. फळांचा रस आंबताना मिथेनॉल अगदी नाममात्र तयार होतं. मालवणीतलं मिथेनॉल औद्योगिक होतं, आणि ते ग्लासात आलं ते विकणाऱ्याच्या नफ्यासाठी. म्हणून माझ्या मागणीत भट्टीला जागा नाही आणि विक्रीलाही नाही. पातेल्यावर पातेलं ठेवून वाफ धरण्याचा ‘प्रयोग’ करणाऱ्या हौशी मंडळींची बाजू मी घेणार नाही.

आंबवण्यात धोका नाही असंही नाही. रस आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. झाकण घट्ट लावलं तर बरणी फुटते आणि काचा स्वयंपाकघरभर होतात. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटीनं संतांची डोकी पारखल्याची कथा आपण सांगतो. बाटलीत भरण्याआधी रसाचीही तशी पारख करावी लागते, कच्चा राहिलेला रस बाटलीत गेला की बाटली उडते. हवा जास्त लागली तर वाइनऐवजी शिरका हाती येतो. त्यात आमच्याकडे द्राक्षं तयार होतात तेव्हाच पारा चढायला लागलेला असतो. पस्तीस अंशांच्या वर यीस्ट थकतं आणि नको ते जिवाणू माजतात, म्हणून बरणीला ओलं पोतं गुंडाळावं लागतं, माठाला गुंडाळतो तसं.

ज्वारीच्या बिअरची गोष्ट याहून अवघड आणि मला विचाराल तर याहून रंजक. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी होते. नायजेरियानं १९८८पासून बार्लीच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनाही ज्वारीकडे वळावं लागलं. मग मालदांडीच्या मुलखात का होऊ नये? होईल, पण ज्वारी सहज वश होत नाही. बार्लीचं पिष्ट ज्या उष्णतेला फुलतं, त्याहून जास्त उष्णता ज्वारीच्या पिष्टाला लागते, आणि तेवढ्या उष्णतेत पिष्टाची साखर करणारी मोडांमधली द्रव्यं मरतात. आफ्रिकेतल्या बायकांनी यावर तोड काढली : आधी धान्याची पातळ पेज शिजवायची, ती निवली की मोड काढून वाळवलेल्या ज्वारीचं पीठ त्यात घालायचं. म्हणजे अर्धी वाट आंबिलीचीच. आणखी एक इशारा. कोवळी ज्वारी खाल्लेलं जनावर दगावतं, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. सायनाइड सोडणारं तेच द्रव्य ज्वारीच्या मोडांतही असतं. म्हणून मोड वाळवून, कोंब-मुळं चोळून काढून, मगच दाणे दळायचे आणि नीट उकळायचे. हे ज्ञान चोरून, कुजबुजत मिळावं की उघडपणे, कृषी विज्ञान केंद्राच्या ओसरीवर? बंदीनं धोका जात नाही, धोक्याची माहिती मात्र जाते.

आता आमच्याच गोटातल्यांकडे वळतो. जानेवारी २०२२मध्ये राज्य सरकारनं सुपरमार्केटात वाइन ठेवण्याचा निर्णय घेतला तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य फार गाजलं. हे साफ खोटं आहे. बारा टक्के मद्यार्काच्या वाइनच्या दीडशे मिलिलिटर ग्लासात अठरा मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, तीस मिलिलिटर व्हिस्कीच्या पेगात तेरा. हृदयाला बरी म्हणून वाइन पिणाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचं जानेवारी २०२३चं निवेदन वाचावं. मद्याचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. शेतकऱ्याचं भलं हा दुसरा फुगा. अवकाळी पावसानं मणी तडकले आणि व्यापाऱ्यानं बाग नाकारली, तर घराघरांतल्या पाच-पाच किलोंच्या बरण्या त्या बागायतदाराला वाचवणार नाहीत. छंदाला छंद म्हणावं. त्याला उगाच शेतकऱ्याचं धोतर नेसवू नये.

राहिला सगळ्यात जड आक्षेप, बायकांचा. उभी बाटली की आडवी, या मतदानासाठी रांगेत उभं राहून गावातलं दुकान बंद पाडणाऱ्या बाईला मी कौटिल्य सांगायला गेलो, तर ती मला हाकलून देईल, आणि ते योग्यच होईल. मार तिनं खाल्लेला असतो. घरात बरणी आली म्हणजे दारू उंबऱ्याच्या आत आली, हे तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. मी एवढंच म्हणतो की आजचा कायदाही दारूला उंबऱ्याबाहेर ठेवत नाही. घटनेचं ४७वं कलम राज्याला दारूबंदीकडे जायला सांगतं, आणि राज्य दुकानांचे परवाने देऊन महसूल मोजतं. प्यायचीच असेल तर विकत घेऊन पी, असा व्यवहारात या कायद्याचा अर्थ उरला आहे. ज्याला स्वतः करायला महिना लागतो तो गुन्हेगार, ज्याला विकत घ्यायला पाच मिनिटं लागतात तो ग्राहक. यात त्या बाईचं रक्षण कुठे आलं? पण तिचा शब्द शेवटचा असावा, हे मला मान्य आहे. जिथे बाटली आडवी झाली, तिथे बरणीही आडवी.

अमेरिकेनं १९७८च्या कायद्यानं घरच्या बिअरवरचा केंद्रीय कर उठवला तेव्हा मर्यादा एका प्रौढामागे वर्षाला शंभर गॅलन, म्हणजे पावणेचारशे लिटरच्या घरात ठेवली. आपल्याला एवढी नको. या जिल्ह्यातल्या आमदारांनी विधिमंडळात मांडावं म्हणून परंतुकाचा मसुदा इथेच देतो : ‘परंतु, एका कुटुंबानं स्वतःच्या उपयोगासाठी, ऊर्ध्वपातन न करता, वर्षाला पंचवीस लिटरपर्यंत आंबवून तयार केलेलं आणि न विकलेलं पेय कलम १२खाली गुन्हा ठरणार नाही. ज्या गावात किंवा प्रभागात महिलांच्या मतदानानं मद्यविक्री बंद झाली आहे, तिथे ही सवलत लागू नसेल.’