किताब फडात मिळतो, पैलवान घरात घडतो



भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला, की आपल्या कर्जत-खालापूर भागात जत्रांचे दिवस येतात. सकाळी देवाची पालखी आणि तिसऱ्या प्रहरी कुस्त्यांचा फड. पहिल्या जोड्या नारळावर आणि खोबऱ्याच्या वाटीवर लागतात, दिवस मावळतीला आला की मोठ्या इनामाची जोड सुटते. नारळावरची पोरे आपल्या गावची असतात. शेवटच्या जोडीतले पैलवान मात्र बहुतेक वेळा घाटावरचे असतात. इनामाची वर्गणी आपली आणि इनाम नेणारा पाहुणा, असा हा रिवाजच पडून गेला आहे.

या जागी आपण नेहमी बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयी बोलतो. आज कुस्तीविषयी बोलायचे कारण असे की गावोगाव फिरताना एक प्रश्न हमखास येतो: “साहेब, पोराला कुस्तीचा नाद लागलाय. तालमीत घालू का?” हा प्रश्न घराच्या पैशाचा, दुधाचा आणि पोराच्या आयुष्याचा आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर ‘महाराष्ट्र केसरी’ या किताबाचा इतिहास पाहावा.

किताबाची जन्मकथा

महाराष्ट्रात कुस्तीला राजाश्रय मिळाला तो कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांनी तालमी उभ्या केल्या, देशभरचे मल्ल पदरी ठेवले. त्यांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली पुरे झाले. संस्थाने गेली तेव्हा पैलवानांचा पोशिंदा गेला. ती उणीव भरून काढण्यासाठी १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. मामासाहेब मुळशी तालुक्यातल्या मुठा गावचे. आपला बोरघाट चढून गेले की मावळ आणि त्याला लागून मुळशी, म्हणजे तसे आपले शेजारीच.

परिषदेने राज्यातला अव्वल मल्ल ठरवण्यासाठी किताब सुरू केला. १९६१ साली औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) सांगलीच्या दिनकर दह्यारी यांनी तो पहिल्यांदा पटकावला. हा किताब एका गावाला बांधलेला नाही. दरवर्षी नव्या शहरात अधिवेशन भरते आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून निवडून आलेले मल्ल तिथे जमतात. एक गट मातीवर लढतो, एक गादीवर. दोन्हींकडचा विजेता शेवटी समोरासमोर येतो आणि जिंकणाऱ्याच्या खांद्यावर चांदीची गदा चढते. मामासाहेबांच्या स्मरणार्थ ही गदा मोहोळ घराण्याकडून दिली जात आली आहे.

आपल्या जिल्ह्यात तीनदा

आता आपल्या घरचा हिशेब मांडू. हे अधिवेशन आपल्या जिल्ह्यात तीनदा भरले. १९७१ साली अलिबागला, १९८० साली खोपोलीला आणि २०१० साली रोह्याला. पहिल्या दोन वेळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले.

अलिबागला कोल्हापूरचे दादू चौगुले जिंकले. आदल्या वर्षी पुण्यातही तेच जिंकले होते. पुढे १९७४ साली न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. रोह्याला समाधान घोडके जिंकले, ते सोलापूरकडचे. आणि खोपोलीला जिंकले इस्माईल शेख, तेही सोलापूर जिल्ह्यातले, बोरामणी गावचे.

या बोरामणीकडे जरा थांबून पाहावे. दक्षिण सोलापुरातले हे गाव. तो सगळा मुलूख कोरडवाहू, ज्वारीचा. आपल्याकडे एका पावसाळ्यात जेवढे पाणी कोसळते तेवढे तिथे चार-पाच वर्षांत मिळून पडते. अशा गावातल्या इस्माईल शेख यांनी १९८० साली खोपोलीहून किताब घरी नेला. १९९२ साली त्यांचे भाऊ अप्पालाल शेख यांनी तो जिंकला. २००२ साली जालन्याला तिसरे भाऊ मुन्नालाल शेख जिंकले. बावीस वर्षांत एका घरात तीन महाराष्ट्र केसरी! दादू चौगुले यांच्या घरीही तसेच झाले. २००० साली त्यांचे चिरंजीव विनोद चौगुले महाराष्ट्र केसरी झाले.

आता खोपोलीचा विचार करा. मैदान आपले, मांडव आपला, पाहायला जमलेली माणसे आपली. पण किताबाचे बी रुजले बोरामणीत. कारण उघड आहे. अधिवेशन चार दिवसांचे असते, तालीम वर्षाचे बाराही महिने चालते. थोरला भाऊ पहाटे उठून जोर-बैठका मारतो, हे धाकटा रोज पाहतो. घरातली माय दुधाचा तांब्या आधी कोणासाठी बाजूला काढते, तेही तो पाहतो. मोठे झाल्यावर त्याला कुस्ती निराळी शिकवावी लागत नाही.

‘भातखाऊ मुलूख’ ही सबब

यावर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते. “आपण भात खाणारी माणसे. ते ज्वारी-बाजरीवाले. आपल्याकडे पैलवान कसा होणार?” ही सबब आता टिकत नाही. २०१९ सालच्या अधिवेशनात (ते जानेवारी २०२० मध्ये पुण्यात झाले) हर्षवर्धन सदगीर जिंकले. ते अकोले तालुक्यातले, आपल्यासारख्याच सह्याद्रीच्या पावसाच्या, भाताच्या मुलखातले. अंतिम कुस्ती संपताच त्यांनी हरलेल्या शैलेश शेळके यांना खांद्यावर उचलून घेतले होते. दोघे एकाच वस्तादाचे, काका पवारांचे पठ्ठे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ जिंकले, ते थेट मुठा गावचे. मुळशीचा आंबेमोहर कोणाला ठाऊक नाही? भात खाऊन गदा येते, हे या दोघांनी दाखवून दिले आहे.

मुलींचीही गोष्ट ऐका. २०२३ साली सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. सांगलीची प्रतीक्षा बागडी जिंकली. तिच्याशी अंतिम कुस्ती खेळली ती कल्याणची वैष्णवी पाटील. कर्जतहून लोकलने कल्याणला जायला किती वेळ लागतो, हे आपणा सर्वांना माहीत आहे.

दुधाचा हिशेब

आता शेतकऱ्याचा मुद्दा घेऊ. कोल्हापुरात कुस्ती वाढली त्यात तालमीइतकाच वाटा म्हशीचा आहे. गंगावेशीसारख्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळतात आणि धारोष्ण दूध तिथेच पेल्यात देतात. ही म्हैस बहुधा पंढरपुरी. ती एका वेताला साधारण दीड हजार ते अठराशे लिटर दूध देते. आपल्याकडची गावठी म्हैस त्यापेक्षा बरीच कमी देते.

वाढत्या पैलवानाला रोज तीन लिटर दूध धरले तर वर्षाला १०९५ लिटर होते. म्हणजे एका चांगल्या म्हशीचे बहुतेक दूध घरातच संपले. डेअरीच्या दराने गुणून पाहा आणि त्यात बदाम, तूप, तालमीचा खर्च मिळवा. एवढा पैसा घरातून वर्षानुवर्षे जात राहणार, हे पोराला तालमीत घालण्याआधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून समजून घ्यावे.

पण सगळा खुराक विकतचा असावा लागत नाही. भातानंतर आपण ओलीवर वाल घेतो. शंभर ग्रॅम सुक्या वालात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. भिजवलेला हरभरा आणि परसातल्या कोंबडीची अंडी अंगाला लागतात. वरकसावरच्या शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, ते हाडाला लागते. शेजारच्या डब्यातली महागडी पावडर पाहून हुरळू नये. कोणी अंग भरायचे इंजेक्शन सुचवले तर त्या माणसाला उंबऱ्याबाहेरच ठेवावे. त्याने मूत्रपिंड आणि हृदय बिघडते, आणि तपासणीत सापडले तर खेळायला बंदी येते.

किताबाची दुसरी बाजू

किताबाची झळाळी सर्वांना दिसते, त्यातली अडचणही सांगितली पाहिजे. वर्षाला महाराष्ट्र केसरी एकच होतो. त्याच्या मागे शेकडो पोरे गुडघा, खांदा, कान मोडून घरी परततात. शिवाय हा किताब ८६ ते १२५ किलो वजनाच्या मल्लांचा आहे. आपला मुलगा ५७ किलोचा असेल तर त्याला रेटून जाड करण्यात अर्थ नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते ५७ किलो गटात. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य मिळवले. हलक्या वजनाचा मल्ल कमी मोलाचा नसतो.

अलीकडे किताबाला भांडणाचीही कीड लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये संघटनांच्या वादामुळे दोन अधिवेशने भरली. फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाले आणि धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ सालीही फेब्रुवारीत अहिल्यानगरला आणि मार्चमध्ये कर्जतला, असे दोन विजेते झाले. (हे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातले, आपले नव्हे. तिथे सोलापूरचे वेताळ शेळके जिंकले.) अहिल्यानगरला तर पंचाच्या निकालावरून हातघाई झाली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली.

आपल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राने वाण काढले. संकर केल्यापासून वाण प्रसारित होईपर्यंत दहा-बारा वर्षे लागतात. गावोगावच्या शेतांवर चाचण्या होतात आणि मग एकाच नावाने तो बाहेर पडतो. ‘कर्जत-३’ नावाची दोन निरनिराळी बियाणी दुकानात आली असती तर शेतकऱ्याने कोणते पेरले असते? किताबाचेही तसेच आहे. त्याच्यासाठी पोर दहा वर्षे माती अंगाला लावतो. त्या मातीची किंमत राहायची तर महाराष्ट्र केसरी एकच असला पाहिजे, आणि तो एकाच पंगतीतल्या सर्वांना मान्य असला पाहिजे.

तर पोराला तालमीत घालावे का?

घालावे. पण काही गोष्टी ठरवून घालावे.

१. शाळा सोडवू नये. २०१४ ते २०१६ सलग तीनदा जिंकलेले चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी पुढे पोलीस उपअधीक्षक झाले. अंगातली ताकद पस्तिशीला ओसरते, त्यानंतर पोट भरायला हाती काहीतरी लागते.

२. खुराकासाठी जमीन विकू नये, गहाणही टाकू नये. म्हैस वाढवावी. म्हैस पैलवानालाही पोसते आणि पोराने कुस्ती सोडली तरी घराला पोसते.

३. वस्ताद पाहून तालीम निवडावी, इमारत पाहून नव्हे. पोराच्या दुखापतीकडे दुर्लक्ष करून त्याला फडात उतरवणारा वस्ताद टाळावा.

४. कुस्ती सुटली की खुराकही उतरवावा. व्यायाम बंद आणि दूध-तूप चालू, यातून मधुमेह आणि गुडघेदुखी येते. किताब मिळवलेल्यांनाही ती सुटलेली नाही. सरकार नामवंत मल्लांना मानधन देते, पण त्यावर सगळे म्हातारपण काढता येत नाही.

५. जत्रा कमिट्यांना एक विनंती. मोठ्या इनामाच्या वर्गणीतला चौथा हिस्सा बाजूला काढावा आणि गावाच्या तालमीची माती वर्षातून एकदा बदलावी. तांबडी माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबू मुरवले की हौद पोरांच्या अंगाला सोसतो. पाहुण्याला एका दिवसात दिलेल्या इनामापेक्षा हा खर्च गावात अधिक काळ टिकतो.

खोपोलीने १९८० साली अवघ्या महाराष्ट्राला अंगण दिले. त्या अंगणातून किताब बोरामणीला गेला आणि एका घरात तीनदा पिकला. आपल्या खालापूर-कर्जतच्या एखाद्या घरात तो पिकायचा असेल तर पुढच्या अधिवेशनाची वाट पाहत बसू नये. सुरुवात उद्या पहाटे पाच वाजता, गोठ्याशेजारच्या हौदात करावी.

पुढील अंकी: वालावरील शेंगा पोखरणारी अळी आणि तिचा बंदोबस्त.