सोमवारचे पोट

सोमवारी सकाळी माझ्या सिंदीच्या दवाखान्यात येणाऱ्या काही मुलांचे पोट रविवारी मुळीच दुखत नसते. हे ध्यानात येण्यास मला फार वर्षे लागली. दुसरीतील एक मुलगा तीन महिने येत होता. जंताचे औषध झाले, आम्लपित्ताचे झाले, रक्त-लघवीची तपासणीही झाली. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मात्र तो आपला लाकडी नंदी ओढीत भर गर्दीतून ऐटीत चालला होता. तेव्हा कुठे मी त्याच्या आईला विचारले, "ताई, सुट्टीच्या दिवशी दुखते का हो?"

त्यांना मी वर्ध्याच्या एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाईंचे नाव सुचविले. आजी संतापल्या. "माहा नातू पागल हाय का जी?" पुष्कळांच्या मनातला हा प्रश्न आहे. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो व औषधे देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो चाचण्या घेतो, संवादातून व सरावातून उपचार करतो. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असावी लागते. ती अवश्य विचारावी.

बाईंनी पहिल्या भेटीत मुलापेक्षा आईवडिलांशीच अधिक वेळ बोलणे केले. पोट केव्हा दुखते, त्याआधी काय घडते, त्यानंतर घरात कोण काय करते, हे त्यांनी दोन आठवडे वहीत लिहावयास सांगितले. त्या वहीतून उलगडले ते असे : पाढा चुकला म्हणून वर्ग हसला होता. दुखू लागले की घरी राहावयास मिळे, राहिले की सुटका वाटे, आणि त्या सुटकेनेच दुसऱ्या दिवसाची भीती वाढे. दुखणे खोटे नव्हते. भीतीने आतडी खरोखरच आवळली जातात. मग गुरुजींच्या संमतीने मधल्या सुट्टीपर्यंतच शाळा, पुढे अर्धा दिवस, पुढे पूर्ण. आजी काही दिवस व्हरांड्यात बसल्या. दोन महिने लागले. माझ्या औषधांनी काय साधले, हे विचारू नका.

मोठ्यांच्या चिंतेचेही सूत्र फारसे निराळे नाही. अमेरिकेचे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडले, की प्रसंगापेक्षा त्याविषयीचा आपला हट्टी विचार अधिक छळतो. स्वतः एलिस तरुणपणी स्त्रियांशी बोलण्यास घाबरत. म्हणून एकोणिसाव्या वर्षी त्यांनी बागेत बसून महिनाभरात शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा नेम केला. ही विवेकनिष्ठ पद्धती मराठी माणसापर्यंत आणली ती मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी. 1968 पासून अनेक वर्षे ते एलिस यांच्याशी पत्रव्यवहाराने वाद घालीत, शिकत राहिले. टपालाने शास्त्र शिकणाऱ्या या माणसाचे मला नेहमी अप्रूप वाटते. ठाण्यात 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापलेल्या मानसिक आरोग्य संस्थेतही याच विचाराचा मोठा वापर होतो.

एक सावधगिरी मात्र हवी. रात्री झोपेतून जाग आणणारे दुखणे, घटणारे वजन, ताप, वारंवार उलटी किंवा शौचातून रक्त असल्यास ते मनाचे समजू नये. आधी आम्हाला दाखवावे. इतर वेळी, वर्ध्याला जाणे तूर्त जमत नसेल तर 14416 हा शासनाचा टेलिमानस क्रमांक चोवीस तास मोफत चालतो व मराठीत बोलता येते. भेटीस जाल तेव्हा वही सोबत न्या, आणि आजींनाही.