कलाकेंद्र म्हणताच मान खाली का?

बारामती-इंदापूरकडे ‘कलाकेंद्र’ म्हटले की चौफुल्याची संगीतबारी आठवते. आमच्या विद्यार्थ्यांनी परिसरातील कलास्थळांची ओळख करून देणारी पुस्तिका केली. तीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिलेले मोरोपंत (१७२९-१७९४) आहेत, नाट्यगृहाची आसनसंख्याही आहे. कलाकेंद्र मात्र नाही. कारण? ‘घरी दाखवता येणार नाही.’

दोष मुलांचा नाही. शाहिरी काव्य आम्ही वर्गात शिकवतो आणि लावणी गाणारी स्त्री वर्गाबाहेर ठेवतो. यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा टाळ्या मात्र आम्हीच वाजवल्या. लावणीकार रामजोशींशी स्नेह जोडताना पंडितकवी मोरोपंतांची प्रतिष्ठा उणावली नाही. मग प्राध्यापकांचीच का उणावते? पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायला हवी. पण आधी आमची.