गोचीड एकट्याच्या गोठ्यातली नसते

‘जनावर माझं, गोठा माझा, त्यात सरकारचं काय काम?’ हा सवाल जनावरांच्या बाजारात, दूध संकलन केंद्रावर, ग्रामसभेत सगळीकडे ऐकू येतो. १ जून २०२४ पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी घालणारा नियम आला, तेव्हापासून तो जरा जास्तच जोरात विचारला जातो. विचारणारे अडाणी नाहीत, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. माझं मत स्पष्ट आहे. गोठ्यावर सरकारची देखरेख हवी, आणि आज आहे त्याहून जास्त हवी.

पहिला आक्षेप असा की बिल्ल्याने कान चिघळतो. काही ठिकाणी चिघळतोही. जंतुनाशक न लावता, कानातली शीर न बघता घाईघाईने टोचलं तर दुसरं काय होणार? पण खूण करायची म्हणून तापल्या लोखंडाने जनावर डागण्याची रीत आपल्याकडे होतीच. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यातही लस दिलेल्या जनावराच्या खुणेसाठी डाग, गोंदण आणि बिल्ला असे तिन्ही पर्याय आहेत. डागण्यापेक्षा बिल्ला कमी वेदनेचा. कान चिघळला तर टोचणाऱ्याला जाब विचारा.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. सरकारला आमच्या दावणीची मोजदाद कशाला? २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून गुरांचा लम्पी रोग राज्यात पसरला, तेव्हा याचं उत्तर मिळालं. बाजार बंद झाले, वाहतूक थांबली, गावोगाव लसीकरण सुरू झालं. कोणत्या गाईला लस टोचली, कोणती राहिली, हे लाखो जनावरांत आठवणीवर कोण सांगणार? मेलेल्या दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत जाहीर झाली. अशी मदत मागायची तर जनावर आपलंच होतं हे दाखवावं लागतं, आणि तिथे कानातला बारा अंकी क्रमांक शेतकऱ्याच्याच बाजूने बोलतो.

खरी गाठ आहे ती गोचिडीची. ‘गोचीड आमची आम्ही बघू’ असं म्हणणाऱ्याने गाईचं शेपूट उचलून बघावं, कासेच्या बेचक्यात आणि कानाच्या आत बोट फिरवावं. रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी टम्म झालेली मादी गळून पडते, भिंतीच्या फटीत किंवा गव्हाणीच्या सांदीत शिरते आणि काही हजार अंडी घालते. आपण गाईला औषध लावतो. गोचिडांची पुढची पिढी भिंतीत असते. गोठ्यात वाढणाऱ्या याच जातीमुळे संकरित गाईंना थायलेरियाचा ताप येतो. खांद्यापुढची गाठ सुजते, रक्त कमी होतं, दूध आटतं आणि उपचाराला उशीर झाला तर गाय जाते. भिंत फ्लेम गनने जाळून घेतली, गाई धुतल्या, तरी शेजाऱ्याने काहीच केलं नाही तर त्याच चराईच्या रानातून गोचीड पुन्हा दावणीला येते. शिवाय जो तो अंदाजाने औषध पातळ करून फवारतो. त्यातून वाचलेल्या गोचिडांची पैदास होते आणि नेहमीची औषधं चालेनाशी होतात. हा प्रश्न एकेकट्याने सुटणारा नाही.

अमेरिकेत हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालं. गुरांचा टेक्सास ताप गोचिडीमुळे पसरतो, हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये दाखवून दिलं. त्याआधीच गुरं पाळणाऱ्यांना तिचा संशय होता, शास्त्रज्ञांनी मात्र तो हसण्यावारी नेला होता. १९०६ मध्ये सरकारने निर्मूलन मोहीम काढली आणि ठरावीक दिवसांनी प्रत्येक जनावर औषधाच्या हौदातून काढणं सक्तीचं केलं. १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेवरचा पट्टा वगळता देश त्या गोचिडीपासून मुक्त झाला. त्या पट्ट्यात आजही सरकारी माणसं घोड्यावरून गस्त घालतात.

पण दक्षिणेतल्या छोट्या शेतकऱ्यांनी ते हौद सुरुंग लावून उडवून दिले होते, हेही विसरू नये. फायदा बड्या गुरेवाल्यांचा, आणि दोन-चार गाई हाकत मैलोन् मैल हौदापर्यंत जायचा बोजा मात्र गरिबावर. त्यांचा राग गोचिडीच्या बाजूने नव्हता.

म्हणून आपल्याकडच्या देखरेखीने आधी स्वतःची बाजू पुरी करावी. संपूर्ण गावाने एकाच दिवशी गोचीड निर्मूलन करावं, त्यासाठी औषध आणि मनुष्यबळ सरकारने पुरवावं. कोणत्या तालुक्यात कोणतं औषध निकामी झालंय, ते तपासून शेतकऱ्याला मराठीत कळवावं. पशुवैद्यकीय दवाखान्यांतली रिकामी पदं भरावीत. आणि बिल्ला नसेल तर सरकारी दवाखान्यात उपचार नाहीत, ही अट ताबडतोब काढून टाकावी. तापाने फणफणलेली गाय दारात आली तर डॉक्टरने आधी तिला सुई द्यावी आणि मग तिथेच, त्याच हाताने, फुकट बिल्ला लावावा.