'सावळी पण नीटस' बाहुली

शिबिरात कुणी लोकर काढली की 'झालं, आल्या बायका परत सुईदोऱ्यावर' असं म्हणणाऱ्या मैत्रिणी आपल्यात आहेत. त्यांचा राग रास्तच आहे. बायकांसाठीच्या योजना म्हणजे शिवण, पापड आणि लोणची हे समीकरण अजून पुरतं सुटलेलं नाही. तरीही उरल्यासुरल्या लोकरीची एक बाहुली आपल्या गटांनी करून पाहावी असं मला वाटतं. करता करता जी भांडणं होतील ती मोलाची आहेत.

हस्तकलेच्या दुकानात प्लास्टिक कॅनव्हास मिळतो. ही चौकोनी भोकांची ताठ जाळी, साधारण इंचाला सात भोकं. मॅटीवर भरतो तसा तिरपा टाका जाड, बोथट सुईने घालायचा. जाळी कात्रीने हवी तशी कापता येते, कापडासारखे तिचे धागे सुटत नाहीत. बाहुलीचं अंग सपाट, एका तुकड्याचं. कपडे वेगळे कापून, भरून, कडा लोकरीनेच गुंडाळायच्या आणि मागे पट्टी लावून अंगावर अडकवायचे. अगदी लहान मुलांसाठी बटणं-मणी नकोत, तोंडात जातात.

आता पहिला प्रश्न : अंगाला कुठली लोकर?

दुकानदाराला विचारा, तो 'स्किन कलर' म्हणून एक फिकट गुलाबी लडी पुढे करील. कुणाची स्किन? आपल्या गटातल्या दहाजणींचे हात त्या लडीशेजारी ठेवून बघा! लग्नाच्या जाहिरातीतली 'सावळी पण नीटस' ही मुलगी आपल्याला पाठ आहे. त्या 'पण'चं ओझं ती जन्मभर वाहते. एका बड्या कंपनीने आपल्या क्रीमच्या नावातला 'फेअर' २०२० साली काढला. जाहिरातींतला 'पण' काही गेला नाही.

खेळण्यांतून हे किती लवकर मुरतं, ते केनेथ आणि मेमी क्लार्क या अमेरिकन कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या सुमारास दाखवलं. रंग सोडून सगळं सारखं असलेल्या बाहुल्या त्यांनी कृष्णवर्णीय मुलांपुढे ठेवल्या. बहुतेकांनी गोरीला चांगली म्हटलं. शाळांतली वर्णावरची विभागणी घटनाबाह्य ठरवताना १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या लेखनाचा आधार घेतला.

दुसरा प्रश्न बांध्याचा. बार्बी १९५९ साली आली. रूथ हँडलरला ती सुचली ती मुलीला कागदी बाहुल्यांशी खेळताना पाहून. पण कागदाची बाहुली घरी कापता येते, प्लास्टिकची साच्यातूनच येते. बुटक्या आणि भरल्या अंगाच्या बार्बीसाठी २०१६ उजाडावं लागलं. १९९२ सालची बोलकी बार्बी तर गणिताचा वर्ग कठीण असल्याचं सांगायची! पुढच्याच वर्षी काही खोडकर कार्यकर्त्यांनी तिचा आणि सैनिक-बाहुल्याचा आवाज अदलाबदल करून दोघांना दुकानाच्या फळीवर परत ठेवलं. मला ही युक्ती फार आवडते.

आपल्याला तेवढीही खटपट नको. कात्री आपल्याच हातात आहे. मात्र कात्री हातात आली की आपणही कंबर बारीकच कापतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

कपड्यांचंही तसंच. नऊवारी आणि परकर-पोलकं सगळ्याजणी करतील. साडीवर पुरुषाचा जुना शर्ट चढवून शेतात राबणारी बाई आपण रोज बघतो. तिची बाहुली कुठल्या दुकानात आहे? तो शर्ट करा. कंडक्टरची खाकी करा, वकिलीणबाईंचा काळा कोट करा. आणि विकायला काढली तर लोकर फुकटची होती म्हणून मजुरीही फुकटात धरू नका. लागलेले तास वहीत लिहा.

वस्तीतल्या वर्गात हा उद्योग केलात तर मुलांनाही सुई द्या. नुसती मुलींना दिलीत तर सुरुवातीला म्हटलेल्या मैत्रिणींचंच खरं ठरेल. भोकं मोजल्याशिवाय यात काहीच जमत नाही : अंग सोळा भोकांचं असेल तर शर्ट दोन्ही बाजूंनी एकेक भोक जास्त धरून अठराचा कापायचा, नाहीतर कड गुंडाळल्यावर खालचं अंग बाजूने डोकावतं.